झोळी भिंतीले बांधून पाहा

तांडापेठ, नागपूर
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

कौतिकाबाई,

सगळ्यात आधी टपकली ती भारती, सरकारी दवाखान्याकडून आमच्या गल्लीत फिरते ती आशाताई. मी दारात सांबाराची हिरवी जुडी निवडत बसली होती. तिच्यामागून एक उंच पोट्टी आली, खांद्याले काळी पेटी. मले वाटलं पाण्याचं मशीन विकणारी आहे. मी म्हणलं, "नको वं बाई, आमच्या घरी माठ आहे." तं ती हसायलेच लागली. म्हणे, "आजी, मी अदिती. मी कान तपासते." मी म्हणलं, "मग तं तू चुकीच्या घरी आली. इथं सारे तिखट कानाचे."

पुढचं सांगते, आधी हे ऐक. दुर्गेश म्हणते, "आई, मावशीले पत्र काहून लिहितं, व्हॉट्सॲपवर बोलून पाठव ना." म्हणलं, "भैताडा, तिले बोललेलं ऐकू आलं असतं तं मी फोनच नसता केला का?" पोट्टा सीताबर्डीले मोबाईलच्या दुकानात बसते, पण डोकं दुकानातच ठेवून येते. मी लिहीनच. चौथीपर्यंत शाळा झाली, कोंबडीच्या पायाचं अक्षर, पण तू वाचतं तं खरी.

तं त्या दोघी आल्या होत्या वेदूसाठी. माही नात सात महिन्यांची झाली वं! गालाले हात लावला तं लोणी. जून महिन्यात झाली तवा दवाखान्यात तिच्या दोन्ही कानात एक लहानसं बोंडुक, बुचावाणी, घालून पाहिलं होतं, अन् कागदावर लिहून दिलं होतं की पुन्हा तपासायले आणा. आम्ही काही गेलो नाई. त्यांच्या यादीत आमचं नाव राहिलं, म्हणून शोधत आल्या. कागद मागितला. तो कुठं गेला देव जाणे, घरात एवढे कागद.

मी म्हणलं, "मॅडम, बसा. तुमच्या पेटीच्या आधी आमची तपासणी पाहा."

आमचा बुढा मागावर बसला होता. आता साऱ्या गल्लीत आमचाच एक हातमाग वाजते, बाकीच्यांनी कधीचे मोडून सरपण केले. वेदूची झोळी मागालेच बांधली आहे, एक टोक मागाच्या खांबाले, एक भिंतीच्या खुंटीले. दुर्गेशची तशीच होती, अन् आपल्या दोघींचीही बाबांच्या मागाले तशीच होती. खटखट चालू असली की पोट्टी गाढ. मी बुढ्याले हात केला. त्यानं माग थांबवला. दोन श्वास नाई झाले तं वेदूनं टकाटका डोळे उघडले! मी म्हणलं, "सांगा आता. आवाज बंद झालेला जिले झोपेत ऐकू येते, तिचे कान काय तपासता?"

भारती टाळ्या वाजवायले लागली. पण ती अदिती गोड आवाजात म्हणे, "छान आहे, आजी. तरी एकदा आणा. तिला काही विचारायचं नाही, तिनं काही सांगायचं नाही. ती झोपेल, आणि तिचा कानच मशीनला उत्तर देईल." मी म्हणलं, "जे आम्ही रोज डोळ्यानं पाहून राहिलो ते मशीन काय वेगळं सांगते?"

सांबारवड्या खाऊन गेल्या. सहा खाल्ल्या त्या अदितीनं, म्हणून मले आवडली. सून आमची दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती, एक शब्द नाई बोलली. भूमिका लाजाळूच आहे, लोकांपुढे तोंड उघडत नाई.

तिळाचे लाडू पाठवून राहिली. बसच्या कंडक्टरजवळ देते, धर्मेंद्रले स्टँडवर पाठवजो.

तुही
रुख्मा


उमरेड
१७ जानेवारी

रुख्मा,

पत्र भेटलं. लाडू भेटले. पाक जास्त झाला, माह्या उरलेल्या दातांनी ते कबूल केलं नाई.

आता नीट वाच. दोनदा वाच.

माह्या कानाबद्दल तुले जे माहीत आहे ते अर्धंच आहे. बारा वर्षं झाले, मले माग ऐकू आला नाई. एकदाही नाई. पण पलीकडच्या खोलीत माह्या पोरानं, धर्मेंद्रनं, माग थांबवला तं मले इकडे चुलीपाशी कळते. फरशीतून पायाले येते. पाटावर बसली असली तं पाटातून येते. अन् थांबला की अंगातून काहीतरी गेल्यावाणी वाटते. लोकं म्हणते, बुढी फोनवर बहिरी आहे, पण मागाले कान बरोबर आहे. मी म्हणू देते.

तुही नात झोळीत आहे. झोळी खांबाले आहे. खांब मागाचा आहे.

झोळी मागाची सोड. भिंतीच्या दोन खुंट्यांले बांधून पाहा. तिले झोपू दे, मग माग थांबवायले सांग. मागून ताट वाजवून पाहू नको. ताटाचा वारा लागते, सावली पडते, तेवढ्यानं लेकरू वळते. मी तशीच वळते.

मी चुकली असली तं मले शिव्या दे. आनंदानं घेईन.

कौतिका


नागपूर
गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाई,

तुह्या पत्राले उत्तर देयाले मले वीस दिवस लागले. त्यातले पहिले तीन दिवस नुसता राग. बुढ्याले म्हणलं, बाईले स्वतःले ऐकू येत नाई तं साऱ्या दुनियेले बहिरी करून राहिली. चौथ्या दिवशी दुपारी भूमिका भाजी आणायले गेली, तवा बुढाच उठला अन् झोळीची गाठ सोडायले लागला.

भिंतीले बांधली. वेदू झोपता झोपेना, कुरकुर करे. मग झोपली. बुढा मागावर बसला. खटखट, खटखट. थांबला. मी झोळीत पाहिलं. पोट्टी झोपलेली. पुन्हा चालवला, पुन्हा थांबवला. झोपलेली. तिसऱ्यांदा मी देवाले म्हणलं, आता उठव तिले, एकदाच उठव. नाई उठली वं. एवढी शांत झोपली होती की मले भीतीच वाटली.

बुढ्यानं हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत उचलला नाई.

भूमिका पिशवी घेऊन आली. तिनं भिंतीवरची झोळी पाहिली, आमच्या दोघांचे तोंडं पाहिले. खाली बसली अन् म्हणे, "आई, मले दिवाळीतच कळलं होतं. बाहेर लडी फुटत होती अन् ही झोपली होती. मी तुम्हाले सांगितलं. तुम्ही म्हणलं, कोष्ट्याची पोर आहे, पोटातून खटखट ऐकत आली, तिले आवाजाची सवय आहे."

म्हणलं होतं, बाई. अस्संच म्हणलं होतं, अन् हसून म्हणलं होतं. ती दारात ओढणी पिळत होती ते लाजून नाई, बोलू का नको म्हणून. अन् मी तुले लिहिलं, लाजाळू आहे.

आता एक तुलेच सांगते. तो दवाखान्याचा कागद हरवला नव्हता. मीच तांदळाच्या कोठीखाली सरकवला होता, बारशाच्या आदल्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलं होतं, कोणाच्या हाती लागला तं साऱ्या जातीत बोभाटा होईल वाटलं. मग मलेच त्याची भीती वाटायले लागली, म्हणून तिथंच राहू दिला. त्या दिवशी कोठी सरकवली, कागद काढला अन् सुनेच्या हातात दिला. ती ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं कागदावरची तांदळाची भुकटी झटकली अन् भारतीले फोन लावला.

तं परवा मंगळवारी दवाखान्यात गेलो. एका लेकराच्या कानासाठी चार मोठी माणसं, लग्नाले निघाल्यावाणी. अदिती मॅडमनं सांगितलं होतं, सकाळपासून झोपू देऊ नका, इथं येऊन झोपली पाहिजे. रस्ताभर दुर्गेश तिच्या तळव्यांले गुदगुल्या करत होता.

मी मॅडमले म्हणलं, "आधी माह्या कानात घाला. दुखलं तं आम्ही घरी." हसली, पण घातलं. रबराचं बुच असते, त्यातून थोडी हवा दाबते. घाटातून बस उतरते तवा कानात होते तसं झालं, बस. अन् मशीनवर रामटेकच्या टेकडीवाणी रेघ निघाली! म्हणे, "आजी, तुमच्या कानाचा पडदा छान हलतो." मले एवढा आनंद झाला की तो फोटो दुर्गेशच्या फोनमध्ये घ्यायले लावला. मग वेदूची पण टेकडी निघाली. मी म्हणलं, झालं, चला. तं म्हणे, "नाही आजी, हे झालं दार. आता आत कोणी आहे का ते पाहू." मग तेच जुनं बोंडुक घातलं. त्यातून बारीक आवाज जाते, अन् आतला कान चांगला असला तं तो आपल्याकडून इवलासा आवाज परत पाठवते, मशीन तो पकडते. दोन्ही कानातून काहीच परत आलं नाई.

शेवटची मोठी तपासणी. कपाळाले अन् दोन्ही कानामागं चिकटपट्ट्या लावून तारा जोडायच्या, कानात टकटक सोडायची, अन् ती टकटक मेंदूच्या वाटेनं किती आत पोचली ते तारा सांगते. लेकराले हो म्हणायचं काम नाई, नाई म्हणायचं काम नाई. फक्त झोपायचं, अन् खोलीतल्या बाकीच्यांनी गप राहायचं. मॅडमनं माह्याकडेच पाहिलं. भूमिकानं पर्समधून सुपारीचं खांड काढून माह्या तोंडात दिलं.

पण वेदू झोपेच ना! दूध पाजलं, मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं. अर्धा तास गेला. बाहेर दुसरे लेकरं रांगेत. मॅडम म्हणे, दुसऱ्या दिवशी या. तवा आमचा बुढा पुढं आला. तोंडानं काही नाई, खाटेच्या कडेले हात ठेवला अन् मागाच्या तालात थापायले लागला. खट-खट, जरा थांबून खट. पोट्टीचे डोळे मिटायले लागले. मॅडम हळूच म्हणे, "आजोबा, आता थांबा, खाट हलायला नको." मी डोळ्यानं नाई नाई म्हणलं, थांबला तं ती उठते! बुढ्याले माहीत होतं. त्यानं एकदम हात काढला नाई. ताल हळू केला, मग आणखी हळू, मग बोटानं, मग नुसत्या करंगळीनं. शेवटी करंगळी पण उचलली. वेदू झोपलेली. मॅडमच्या डोळ्यात पाणी होतं, खोटं नाई सांगत.

पाऊण तास मी गप होती, बाई. माह्या लग्नातही एवढी नव्हती.

मशीनवर रेघ सपाट. मॅडम आवाज वाढवे, रेघ सपाट. आणखी वाढवे, सपाट, कोरं लुगडं वाळत घातल्यावाणी. भूमिकानं माहा हात धरला, मले वाटते तिले समजलंही नसंल कोणाचा धरला ते. मग खूप मोठ्या आवाजावर एक लहानशी लाट उठली. मॅडमनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तिथंच उठली. दुसऱ्या कानाची पण, थोडी आणखी वर जाऊन.

म्हणे, "कमी खूप आहे. पण काहीच नाही असं नाही. ही लाट आहे, म्हणून कानाचं मशीन लावून पाहता येतं. आणि आठव्या महिन्यात आलात. पुष्कळ जण मूल बोलत नाही म्हणून तिसऱ्या वर्षी येतात." मशीन पुरलं नाई तं पुढं ऑपरेशनचाही रस्ता आहे म्हणे, ते मग पाहू.

कोणी एकानं आणलं असंल आम्हाले आठव्या महिन्यात, तं ती तू आहेस. मी तं तिले तिसऱ्या वर्षापर्यंत मागालेच बांधून ठेवली असती.

घरी ऑटोतून उतरताना भूमिकानं वेदूले माह्याच हातात दिलं.

आता तू पण ये. हेच मशीन तुह्या कानाले लावू.

रुख्मा


उमरेड
१५ फेब्रुवारी

रुख्मा,

पत्र चुलीपाशी वाचलं, भाकर जळली. तुह्या बुढ्याले, शालिकरामले सांग, करंगळीचं मी चारदा वाचलं.

तू स्वतःले किती मारून घेशील तेवढं पुरे. कागद काढून दिला ना. आता लेकराकडे पाहा. सुनेले आधी बोलू देत जा, मग तू.

मी येत नाई. काहून ते सांगते. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या धोंडबाच्या तेरवीत शेजारचे गोपाळराव माह्याजवळ येऊन बसले अन् काही बोलले. मी नेहमीप्रमाणे हसून मान डोलावली. ते उठून गेले. नंतर कळलं, ते स्वतःच्या भावाचं सांगत होते, तो पण गेला म्हणून. तवापासून मी कोणाच्या तेरवीत नाई गेली, लग्नातही नाई.

माणसापुढे मान डोलावून भागते. तुह्या त्या तारा लावल्यावर मी काय डोलावू? ते साऱ्यांपुढे सांगंल.

वेदूचं लिहीत जा.

कौतिका


नागपूर
बुधवार, २ एप्रिल

बाई,

काल पुन्हा भारतीच आधी आली, पण या खेपेले मी दारात नव्हती. मी जमिनीवर पालथी पडून वेदूच्या तोंडापुढं तोंड नेऊन "चिऊ ये, दाणा खा" करून राहिली होती, अन् भारतीनं पदर तोंडात घालून मले पाहिलं. मागून अदिती मॅडम. लाज वाटली, पण थांबली नाई, कारण ते मले लिहून दिलेलं काम आहे. पाहा, मी पुन्हा पुढचं आधी सांगून राहिली.

मार्चच्या बारा तारखेले वेदूले मशीन बसलं. त्याच्या आधी कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला, प्रत्येकाच्या कानाचा वेगळा असते म्हणे. मशीन एवढंसं, चिंचोक्याएवढं, एक एका कानामागं. मॅडमनं चालू केलं. वेदू पाय झाडत होती, ते पाय तसेच वर राहिले. डोळे एवढे मोठे. मग ओठ थरथरला अन् भोकाडच पसरलं. अन् मधातच थांबली! इकडे पाहे, तिकडे पाहे, हे कोण रडून राहिलं म्हणून. मग पुन्हा थोडं रडून पाहिलं, हळूच, आपलाच आवाज चाखून पाहिल्यावाणी. आम्ही हसत पण होतो अन् रडत पण होतो. दुर्गेश बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आला.

मॅडमनं सांगितलं, नुसतं मशीन लावून भागत नाई. आवाज आला तं तो कशाचा ते लेकराले शिकवावं लागते. जवळून बोलायचं, तोंडापुढं बोलायचं, जे करून राहिलो ते सांगत राहायचं, दिवसभर. मग माह्याकडे पाहून म्हणे, "आजी, तुमच्यासारखी बोलकी बाई घरात आहे, अर्धं औषध तेच." अन् खरोखर कागदावर लिहून दिलं: आजीने रोज बाळाशी बोलावे. ऐकतं का बाई! बाबा म्हणे गप राहा, सासू म्हणे गप राहा, बुढ्यानं तं म्हणायचंच सोडलं. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा कोणी मले लेखी सांगितलं की बोल. भूमिकानं तो कागद देवाजवळ चिकटवला आहे. मी बुढ्याले रोज दाखवते.

काल त्या पाहायले आल्या होत्या की घरी कसं चालू आहे. भूमिका मागच्या खोलीत पाणी आणायले गेली. वेदू माह्या मांडीवर, तोंडात खुळखुळा. मी सारखी बोलतच होती. तिकडून भूमिकानं हाक मारली, "वेदू!" मोठ्यानं नाई, जशी आई मारते तशी. तिची सावली नव्हती, वारा नव्हता, फरशीवर पाऊल नव्हतं. वेदूच्या तोंडातला खुळखुळा थांबला. जरा वेळ तशीच राहिली. अन् मग मान वळवली, दाराकडे.

मॅडम म्हणे, "कोणी बोलू नका."

भूमिकानं पुन्हा हाक मारली. पुन्हा वळली. पाण्याचा तांब्या तसाच हातात घेऊन भूमिका दारात आली, अन् मले म्हणे, "आई, पाहिलं तुम्ही?" मलेच विचारलं, बाई. साऱ्यात आधी मले. मी सकाळपासून हजार शब्द बोलली होती, त्यातल्या एकाले ती वळली नाई, आईच्या एका हाकेले वळली. मले त्याचं एवढं समाधान आहे की कागदावर मावत नाई. देवाचे उपकार, त्या उंच पोट्टीचे उपकार, भारतीचे, अन् तुहे. तुहे तं मी फेडूच शकत नाई, म्हणून ते तसेच राहू देते.

आता तुहं. तू लिहिलेलं मी भूमिकाले दाखवलं, मॅडमले दाखवलं. राग येऊ दे. मॅडमनं पूर्ण वाचलं, गोपाळरावांपाशी थांबली. म्हणे, "आजी, त्यांना सांगा, तारा साऱ्यांपुढे काही सांगत नाहीत. खोलीत त्या असतील आणि मी. आणि मशीनपुढे मान डोलवावी लागत नाही, तेवढाच वेळ विसावा." अन् तुले झोपायचंही काम नाई, बसून होते. मी आत येणार नाई. बाहेर बसीन, सुपारी घेऊन.

दुर्गेश पुढच्या गुरुवारी, दहा तारखेले, उमरेडले येईल तुले आणायले, त्याले सुट्टी आहे. हातरुण वेदूच्या बाजूलेच टाकते. तिचं मशीन पाहजो, हात लावून पाहजो, तिले आवडते.

जाताना त्या दोघी पक्कं सांगून गेल्या, पुढची दवाखान्याची खेप शुक्रवारी, अकरा एप्रिल, सकाळी अकराले, वेदूची अन् तुही, दोघींची सोबतच.

तुही
रुख्मा